संध्याकाळचं तोंड

"आजपासून या रस्त्यावर कुणावरही अन्याय होणार नाही. अन्याय करणारा माणूसच आपण मधून काढून टाकला आहे," असं साहेब कापडी मांडवाखाली उभं राहून म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या पडल्या. मग उद्घाटन म्हणून पहिला चेहरा साहेबांचाच नोंदवायचा होता. खांबावर पत्र्याच्या टोपीखाली ताटलीएवढी काळी काच बसवलेली होती. साहेब तिच्यापुढे छाती काढून उभे राहिले. त्यांना ऊन लागू नये म्हणून ड्रायव्हर मागून छत्री धरून होता. काचेत काय दिसतं ते बघायला तो जरा पुढे वाकला, आणि काचेतून एका बाईचा गोड आवाज आला, "स्वागत आहे, साहेब. आपला चेहरा नोंदवला आहे."

साहेबांनी घाईघाईने आपलं तोंड पुढे केलं.

"चेहरा जुळत नाही. कृपया बाजूला व्हा."

साहेब बाजूला झाले. चूक दुरुस्त करायची सोय यंत्रात होती, नाही असं नाही. फक्त त्या दुरुस्तीला साहेबांच्या चेहऱ्याची मंजुरी लागत होती. ड्रायव्हरने छत्री मिटली आणि आपल्या हातून काहीतरी चोरी झाल्यासारखा गाल चोळत तो गाडीत जाऊन बसला. खडी फोडणारी सगळी टोळी पोट धरून हसली. त्याच दिवशी यंत्राचं नाव गोडबोली पडलं.

हसायला आणखी एक कारण होतं. त्याआधी हजेरी मुकादम घ्यायचा, आणि ज्यांनी जन्मात हातोडी धरली नाही असे त्याचे दोन भाचे रोज हजर असायचे. खरा माणूस पाणी प्यायला उठला तरी मुकादम त्याचा अर्धा दिवस खायचा. त्याच्या नावाने बोटं मोडून लोकांची बोटं दुखायला आली होती. आता त्याच्या हातातली वही गेली आणि फडकं आलं. यंत्राची काच रोज ओल्या फडक्याने पुसायची, एवढंच काम त्याला उरलं. लोकांना मनापासून बरं वाटलं. निदान त्या आठवड्यात तरी.

पाऊस दोन वर्षं रुसला होता. शेतात काम नव्हतं, बांधावर नव्हतं, कुठेच नव्हतं. सरकारने रस्ता काढला आणि घरटी एक जागा दिली, तेवढ्यावर सगळ्यांच्या चुली होत्या. टोळीतल्या अशाच एका घरातली जागा खरं तर मुलाची. घण घालण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण सुरुवातीलाच एक धोंडा घसरून त्याच्या पावलावर बसला, आणि तेव्हापासून तो चिंध्यांत गुंडाळलेला पाय उशीवर ठेवून घरात पडला होता. त्याच्या जागेवर त्याची बायको जाऊ लागली. घरात तिसरी त्याची आई, म्हणजे सासू. तिने उभं आयुष्य खडीच फोडली होती. आता डोळ्यांनी दगा दिला होता, पण जीभ अजून कामावर होती.

सुनेचं काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. पाय पसरून उन्हात बसायचं. डबराचा दगड दोन पायांमध्ये घ्यायचा, कपचा उडू नयेत म्हणून भोवती जुन्या टायरची कडी धरायची आणि हातोडीने मारत राहायचं. दगड फुटायचे ते फुटायचे, पण त्यांची भुकटी उडायची ती घामावर बसायची. दुपारनंतर तिचा थर व्हायचा. पापण्यांचे केस एकमेकांना चिकटायचे. नाकाखाली, ओठांच्या कडांना चिखल वाळून भेगा पडायच्या. संध्याकाळी सगळी टोळी उठून उभी राहिली की जुन्या देवळाच्या भिंतीवरची चित्रं खाली उतरून आल्यासारखी दिसायची. बाई कोण, बाप्या कोण, चालीवरून ओळखायचं.

गोडबोलीला चाल कळत नव्हती.

"चेहरा जुळत नाही. कृपया चेहरा स्वच्छ करून पुन्हा प्रयत्न करा."

स्वच्छ करायला पाणी हवं. टँकर येईल तेव्हा यायचा, आणि कामावरचं पिंप फक्त प्यायच्या पाण्याचं होतं. तेही मुकादमासमोर, एका वेळी एक पेला. दुसरा एक छोटा डबा होता, झाकणाचा. त्यातलं पाणी गोडबोलीच्या काचेसाठी. वरून तसा हुकूम होता. गोडबोलीच्या डोक्यावर पत्र्याची सावली होती, कारण उन्हात तापली तर ती बिघडली असती. माणसांच्या बाबतीत तसं काही कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं.

शेवटी कुणीतरी मुकादमाजवळ ते काच पुसलेलं ओलं फडकंच मागितलं. फडकं सरकारी आहे, असं तो म्हणाला. बरंच बोलणं झाल्यावर त्याने ते दिलं, आणि देताना असं धरलं की घ्यायला प्रत्येकाला हात पसरावा लागेल. काच पुसून झालेल्या फडक्याने लोकांनी ओळीने तोंडं पुसली. पहिल्यांचं निभावलं. सून वयाने लहान, म्हणून रांगेत शेवटी. तिच्यापर्यंत फडकं आलं तेव्हा त्यात तोंडावर होता त्याहून जास्त चिखल होता. तिने ते गालावर घासलं, पदराने घासलं, थुंकी लावून घासलं. भुवईजवळ कातडी सोलवटली.

"चेहरा जुळत नाही."

"मी आहे, मुकादम. सकाळी इथूनच गेले ना मी आत?" सून म्हणाली.

"मला माहितीये तू आहेस," मुकादम म्हणाला. "पण माझ्या माहितीला आता कोण विचारतंय?" बोलताना त्याच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं. आपला अपमान करणाऱ्यांचा दुसऱ्या कुणीतरी परस्पर अपमान करावा, त्यातलं ते समाधान.

नियम असा होता की सलग तीन संध्याकाळी चेहरा जुळला नाही तर ती जागा रिकामी धरायची आणि यादीतल्या पुढच्या घराला द्यायची. दुसऱ्या दिवशी सुनेने दुपारी पाणीच प्यायलं नाही. मुकादमाची नजर चुकवून पेला तसाच झाकून ठेवला आणि संध्याकाळी त्या पाण्याने तोंड धुतलं. तोंड धुतलं गेलं. पण उन्हाने आणि घासण्याने ते इतकं सुजलं होतं, डोळे इतके बारीक झाले होते, की गोडबोलीने पुन्हा मान हलवली. मान नव्हती तिला, पण सगळ्यांना हलल्यासारखी वाटली.

सून घरी आली ती भिंतीला टेकून बसली. मुलाने विचारलं, जुळलं का. तिने तोंडावर पदर ओढून घेतला. त्याने पाय उशीवरून खाली घेतला आणि उद्या मीच जातो म्हणून उठायला गेला. उभं राहताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून दात दाबले आणि परत बसला. मग माठातलं माझ्या वाटणीचं पाणी हिला तोंड धुवायला दे, असं तो आईला म्हणाला.

"आणि तू काय पिणार, हिचं तोंड?" सासू म्हणाली. "गप बस. मला विचार करू दे."

तिने सुनेला जवळ ओढलं. डोळ्यांनी नीट दिसत नसल्यामुळे तिने बोटांनीच तो चेहरा पाहिला. सोललेली भुवई, फुटलेले ओठ, कानामागे वाळलेली पोपडी. पाहता पाहता तिचा राग चढत गेला. हे मुकादमाने केलं असतं तर त्याच्या दारात जाऊन तिने त्याची सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. त्याच्याशी भांडता यायचं, त्याला शाप देता यायचे, त्याच्या बायकोला विहिरीवर गाठून सांगता यायचं. या खांबावरच्या बयेला बायको ना नवरा. तिला शिवी घातली तर कृपया पुन्हा प्रयत्न करा म्हणते.

"तिला सकाळचं आणि संध्याकाळचं तोंड सारखं पाहिजे ना?" सासू म्हणाली. "मग सकाळीच संध्याकाळचं तोंड घेऊन जा."

सून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. ओठ फाटला म्हणून लगेच थांबली.

सकाळी सासूने दगडाची भुकटी कालवली, घोटभर पाण्यात, भिंत लिंपायला कालवतात तशी, आणि सुनेच्या तोंडावर तळहाताने थापली. कपाळावरून खाली, गालांवरून बाहेर, हनुवटीवर एक उलटा हात. डोक्याला फडकं कानांवरून घट्ट बांधलं. गोडबोलीकडे नवीन चेहरा नोंदवायची सोय होती, प्रत्येकाला एकदाच. उन्हात कामगाराचा चेहरा बदलू शकतो, एवढं तिला बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. किती बदलू शकतो ते ठाऊक नव्हतं. मुकादमाने कुरकुर करत बटण दाबलं.

दिवसभर सुनेने तोंडाला हात लावला नाही. संध्याकाळी ती काचेपुढे उभी राहिली. तिसरी संध्याकाळ.

"धन्यवाद. आपली हजेरी लागली आहे."

टोळीतल्या सगळ्यांनी हे पाहिलं. फडकं हातात घेऊन रांगेत उभे असलेल्यांनी फडकं खाली टाकलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच घराबाहेर ही गर्दी. सासू वाटेवरच्या धोंड्यावर घमेलं घेऊन बसली आणि एकेकाला पुढे बोलवू लागली. टोळीत काडीसारखा एक माणूस होता, त्याला सगळे पैलवान म्हणत. म्हातारीच्या हातून तोंड रंगवून घ्यायला मी काय बाहुली आहे का, असं तो म्हणाला. मग पहिला जाऊन बसला. कपाळावरून खाली, गालांवरून बाहेर, हनुवटीवर उलटा हात. सासूचा हात एकदा बसला की बसला. लहानपणापासून तिने भिंती लिंपलेल्या, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. सगळ्यांचं सारखं झालं पाहिजे, कुणाला कमी-जास्त नको, असं ती म्हणायची आणि कुणाचं कमी वाटलं तर परत बोलवून लावायची. फडकीही तिनेच बांधली, एकाच गाठीने. मग सगळ्यांनी आपापला नवा चेहरा नोंदवून घेतला.

यातच घात झाला. पण तो कळायला काही दिवस जायचे होते, आणि ते दिवस फार सुखाचे गेले. सकाळी गोडबोली सगळ्यांचं स्वागत करी, संध्याकाळी धन्यवाद देई. ओल्या फडक्यापुढे कुणी हात पसरला नाही. पैलवान सासूला आमच्या पार्लरवाल्या बाई म्हणू लागला. सुनेला लोक रांगेत पुढे उभं करू लागले, अक्कल या घरातून आली म्हणून. मुकादम फडकं घेऊन काच पुसत राही आणि कुणी मागत नाही म्हणून आणखी जोरात पुसत राही.

मग एका सकाळी सून नेहमीसारखी पहिली उभी राहिली, आणि गोडबोली म्हणाली, "स्वागत आहे. आपण या विभागातील सर्वोत्कृष्ट कामगार आहात. आपले अभिनंदन."

मागचे टाळ्या वाजवणार होते. तेवढ्यात पैलवान पुढे झाला.

"आपली हजेरी आधीच लागली आहे. कृपया बाजूला व्हा."

त्याच्या मागच्या बाईलाही तेच. तिच्या मागच्यालाही. रांग संपेपर्यंत तेच, त्याच गोड आवाजात.

मुकादमाच्या फोनवर दोन हुकूम आले होते. त्याने ते मोठ्याने वाचले, आणि असे वाचले की जन्मभर तो याच वाचनाची वाट पाहत असावा. पहिला हुकूम असा की यंत्राच्या तपासणीत एकच बाई अनेक नावांनी काम करताना आढळली आहे. बाकीची नावं खोटी असल्यामुळे कमी करण्यात येत आहेत आणि त्यांच्या नावावर फुटलेली सगळी खडी त्या एका बाईच्या नावे लावण्यात येत आहे. दुसरा हुकूम असा की एवढी खडी एकटीने फोडल्याबद्दल त्या बाईचा मुख्य कचेरीत सत्कार आहे, तिने उद्या हजर राहावं. दारावरच्या यंत्राला तिचा चेहरा कळवला आहे. दोन्ही हुकूम यंत्रानेच काढले होते. पहिल्याची दुसऱ्याशी गाठ पडलेली नव्हती.

मग पैलवानाने आपली हातोडी उचलली, सुनेकडे पाहिलं आणि तिच्या पायाशी टाकली.

"घे," तो म्हणाला. "माझ्या हाताने पण तूच फोडलीस ना. फोड आता."

एकेकाने हातोड्या आणून टाकल्या. ढीग झाला. जाताना एक बाई, जी काल सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून गेली होती, तिने टायरची कडी तेवढी उचलून नेली. ती तिच्या घरची होती.

सून त्या दिवशी एकटी बसली. जागा पक्की होती, अभिनंदन झालं होतं, आणि मुकादम सोडला तर आजूबाजूला मैलभर माणूस नव्हतं. कडीशिवाय फोडताना एक कपची उडून तिच्या मनगटात घुसली. ती तिने दातांनी काढली. मुकादम खांबाच्या सावलीत उभा राहून बघत होता. एकदा तो म्हणाला, पाणी घे ग. तिने घेतलं नाही.

घराकडे आली तर वाटेवर सासूचं घमेलं पालथं पडलेलं. कुणीतरी लाथ मारली होती. दुपारी बायका येऊन बोलून गेल्या होत्या. म्हातारीने आमची तोंडं पुसली आणि स्वतःच्या सुनेचं तेवढं ठेवलं, ठरवूनच केलं, वगैरे. सासूने एकीलाही उत्तर दिलं नव्हतं, हे मुलाने सांगितलं. तेच त्याला जास्त लागलेलं दिसलं. आपली आई कुणाचं ऐकून घेते हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

सून म्हणाली, मी उद्या जाणार नाही, जागा सोडते. मुलगा म्हणाला, सोडून त्यांची जागा त्यांना परत मिळणार आहे का. ती म्हणाली, नाही. सासू चाचपडत बाहेर गेली, तिने घमेलं उचललं, त्याला पडलेला पोचा अंगठ्याने दाबून पाहिला.

"उद्या त्या दाराला हिचा चेहरा माहीत असणार ना?" तिने आतल्या दोघांना विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता ती वाटेला लागली.

ती घरोघर गेली. शिव्या खाल्ल्या. पैलवानाने दार उघडलं नाही, आतूनच बोलत राहिला. सासू त्याच्या अंगणात खाली बसली.

"घर तुझं, शिव्या तुझ्या, मी ऐकते," ती म्हणाली. "पण सकाळी एकदाच तोंड पुढे कर. शेवटचं."

सकाळी निघताना मुलाने बायकोला आपली हातोडी दिली, कशाला ते त्याला सांगता आलं नाही. "खाली बघून बोलू नकोस," एवढं म्हणाला.

मुख्य कचेरीचं दार काचेचं होतं, आणि काचेवर तशीच एक काळी ताटली. बाजूला पहारेकरी खुर्चीवर. सून पुढे झाली. "स्वागत आहे, सर्वोत्कृष्ट कामगार," आणि दार सरकलं. सून आत गेली, दार मिटलं. मग पैलवान उभा राहिला, थापलेल्या तोंडाने, एका गाठीच्या फडक्याने. "स्वागत आहे, सर्वोत्कृष्ट कामगार." मग त्याच्यामागची बाई. मग तिचा दीर. पहारेकरी आधी उठून उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उठला. त्याला हुकूम एकाच बाईला सोडायचा होता, आणि यंत्र सांगत होतं की एकच बाई आत जाते आहे. तो यंत्राच्या विरुद्ध बोलण्याइतक्या वरच्या पगारावर नव्हता. सगळ्यात शेवटी सासू. तिने स्वतःच्या तोंडालाही उरलेली भुकटी थापून घेतली होती.

जिना चढताना सगळ्यांच्या पायांतून माती सांडत गेली. साहेबांच्या खोलीत पंखा होता, जाड गालिचा होता, टेबलावर पाण्याचा काचेचा जग आणि झाकलेला पेला. दाराशेजारच्या भिंतीवर आणखी एक गोडबोली, दार उघडणारी. टोळी आत मावेना म्हणून लोक भिंतीला लागून, खुर्च्यांच्या मधून, खिडकीपाशी उभे राहिले. साहेबांनी मान वर केली. सगळीकडे तेच एक पांढरं तोंड, आणि त्यात डोळे.

"सत्कार एकाच बाईचा आहे," साहेब म्हणाले.

"आम्ही एकच बाई आहोत," पैलवान म्हणाला. "तुमचंच म्हणणं आहे."

कुणी हसलं नाही. साहेबांनी हळूहळू सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मधूनमधून मान डोलावली, आणि वाईट वाटलं असंही सांगितलं. मग त्यांनी समजावलं. यंत्राकडे एक चेहरा आणि अनेक नावं आहेत, त्यातलं खरं कोण ते त्याला ठरवता येत नाही. मार्ग एकच, तो चेहराच पुसून टाकायचा. मग बाकीच्यांना धुतलेल्या तोंडाने नव्याने नोंदवता येईल. फक्त ज्या नावावर तो चेहरा आहे, ते नाव बंद होईल. हंगाम संपेपर्यंत.

ते नाव सुनेचं होतं.

पैलवान गालिच्याकडे बघू लागला. काल ज्यांनी हातोड्या टाकल्या होत्या त्यांचे हात आता कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. पंखा फिरत होता आणि सगळ्यांच्या तोंडावरची भुकटी थोडी थोडी टेबलावर उडून बसत होती.

"पुसा," सून म्हणाली. तिने खाली पाहिलं नाही.

सासू पुढे आली. टेबलावरचा जग तिने चाचपून घेतला, पदराचं टोक त्यात बुडवलं आणि साहेबांसमोर सुनेचं तोंड पुसायला सुरुवात केली. घाई न करता. कपाळ, गाल, हनुवटी. पाणी मळकट होऊन गालिच्यावर ठिबकत होतं. सोललेली भुवई आली, फुटलेले ओठ आले. एक लहानशी पोरगी बाहेर आली, जेमतेम लग्नाच्या वयाची, रात्रभर जागलेली.

"दिसते का ही?" सासूने विचारलं. "मला दिसत नाही, म्हणून विचारते. तुम्हाला दिसते का?"

"दिसते."

"हा मागचा काडीसारखा, आणि ही, एकच माणूस आहे का?"

"नाही, आजी."

"मग तसं सांगा ना वर."

"मला दिसून चालत नाही," साहेब म्हणाले. "त्याला दिसावं लागतं."

भिंतीवरून गोड आवाज आला, "चेहरा जुळत नाही. कृपया कक्षाबाहेर जा." तो सुनेला उद्देशून होता.

सासूचा हात थांबला. पदरातून पाणी गळत राहिलं.

"पूर्वी मुकादम आमचे दिवस खायचा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "चोर होता. आम्ही त्याला चोर म्हणायचो, तो आम्हाला आणखी काही म्हणायचा. पण तो चोरी आमच्याकडे बघून करायचा. तुम्ही माझ्या सुनेला समोर उभं करून, तिचं तोंड बघून, ती नाही म्हणता. आणि वर वाईट वाटतं म्हणता. तुमचं वाईट वाटणं घेऊन मी चुलीत घालू का?"

साहेबांनी पेल्यावरचं झाकण काढलं, परत ठेवलं. मग घंटी वाजवली आणि ड्रायव्हरला बोलवायला सांगितलं. पुसायच्या हुकुमालाही साहेबांचा चेहरा लागत होता.

ड्रायव्हर पायऱ्या चढून आला. उद्घाटनापासून या कचेरीतली प्रत्येक मंजुरी त्याच्या तोंडाने होत होती, आणि त्या पायऱ्यांनी त्याचे गुडघे गेले होते. त्याने सवयीने तोंड काचेपुढे नेलं. "स्वागत आहे, साहेब." साहेबांनी खुर्चीतून सांगितलं, तळाचं लाल बटण. ड्रायव्हरने बोट नेलं. मग त्याचं लक्ष सुनेच्या ओल्या तोंडाकडे गेलं.

"याने बाईंचं काम जाणार?" त्याने विचारलं.

"जाणार," पैलवान म्हणाला. तोच म्हणाला.

"शेजारचं हे पिवळं कशाचं?"

ते यंत्राची हजेरी थांबवून ती हाताने घ्यायचं होतं, अडचणीच्या काळासाठी. साहेबांनी सांगितलं, आणि लगेच हेही सांगितलं, की ते आजवर कुठल्याच कचेरीने दाबलेलं नाही. कारण जो दाबेल त्याच्या चेहऱ्यावर जबाबदारी राहते.

ड्रायव्हर क्षणभर स्वतःचा गाल चोळत उभा राहिला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग काचेकडे, मग परत त्याच्या चेहऱ्याकडे. त्यांच्या मनात काहीतरी जुळलं. त्या खोलीत त्या दिवशी जुळलेली ती पहिलीच गोष्ट. साहेबांनी खुर्ची वळवली आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

ड्रायव्हरने पिवळं बटण दाबलं.

"कृपया कारण सांगा," गोडबोली म्हणाली.

"माणसं आहेत," ड्रायव्हर म्हणाला.

"कारण नोंदवले आहे. पाऊस सुरू होईपर्यंत हजेरी हाताने घेण्यात यावी. सर्व नावे पूर्ववत. धन्यवाद, साहेब."

म्हणजे उद्यापासून परत मुकादम, त्याची वही आणि त्याचे भाचे. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, आणि आनंद म्हणावा तर तो अर्धाच राहिला. पैलवानाने सुनेच्या हातातली हातोडी आपल्या हातात घेतली, ओझं म्हणून. कडी नेलेली बाई तिच्या मनगटाची जखम बघत होती. एकेक जण जिना उतरायला लागला. ड्रायव्हरही गेला. कुणीतरी खाली त्याला साहेब म्हणून हाक मारली आणि तो शिव्या देत पळाला.

सासू मागे राहिली. तिला अजून बोलायचं होतं. जिना चढतानाच तिने एक वाक्य मनात तयार करून ठेवलं होतं, चांगलं लांब, ऐकणाऱ्याच्या नातवंडांपर्यंत पोचेल असं. दाराची कड हाताला लागल्यावर ती वळली, श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"आजी," साहेब तिच्याआधी म्हणाले, अगदी हळू, बाहेर ऐकू जाणार नाही असं, "जाताना ते दार जरा उघडंच ठेवता का? मिटलं की मला आतून उघडत नाही."